सूनबाईचा मका आणि तुमचा पाटा

पत्र थोडक्यात असं : नाशिकच्या इंदिरानगरमधून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५८, घर माळकरी. मुलगा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. कामानिमित्त तो चार वर्षं मेक्सिकोत, पुएब्ला शहरात होता आणि तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. आठ महिन्यांपूर्वी दोघं कायमची नाशिकला आली. सून गुणी आहे, मोडकंतोडकं मराठी बोलते, पण जेवणावर तिची वासना नाही. पाच किलो वजन उतरलंय. ताईंनी तिला मॉलमधल्या मेक्सिकन हॉटेलात नेलं, तिथे तिने चार घास खाल्ले आणि “छान आहे” म्हणाली. मग टाको शेल, चीज, बाटल्यांतले सॉस ऑनलाइन मागवणं सुरू झालं. महिन्याला तीन-चार हजार जातात आणि पाकिटं अर्धी पडून राहतात. “मी भाकरी थापायला बसले की ती मागे येऊन उभी राहते. एकदा तिने पिठात हात घातला. मी म्हटलं, राहू दे गं बाळा, तू बस.” दसऱ्याला झेंडूचं तोरण ओवताना ती रडली, का ते कुणालाच कळलं नाही. ताई विचारतात : नाशिकमध्ये अस्सल मेक्सिकन जेवण कुठे मिळेल? मिळत नसेल तर मुलाला पुण्या-मुंबईला बिऱ्हाड हलवायला सांगू का? आणि तिला आमचं घरच आवडत नाही, असं तर नसेल ना?

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले ती थांबलेच. “राहू दे गं बाळा, तू बस.” तुम्ही ते मायेनेच म्हणालात, यात मला शंका नाही. नव्या सुनेला चुलीपाशी राबवायचं नाही, हे आपल्या पिढीने ठरवून घेतलेलं शहाणपण आहे आणि ते चांगलंच आहे. पण ती पिठात हात घालत होती तेव्हा तुमचं काम हलकं करायला आली होती का? मला तसं वाटत नाही. सातासमुद्रापारच्या त्या पोरीने तुमच्या घरात पहिल्यांदाच ओळखीचं काहीतरी पाहिलं होतं. एक बाई पीठ मळतेय, हातावर गोल थापतेय, तापल्या तव्यावर टाकतेय. तिच्या आजीला तिने हेच करताना पाहिलं असणार.

आधी त्या हॉटेलचं बोलू. तिथे तुमच्यासमोर काय आलं असेल ते मी सांगू शकते : नाचोज म्हणजे मक्याचे कुरकुरीत तुकडे, त्यावर पिवळं वितळलेलं चीज आणि इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवलेले कुरकुरीत टाको. नाचोज जन्मले १९४०च्या दशकात, मेक्सिकोच्या अगदी उत्तर टोकाला, सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात. अमेरिकेतून आलेल्या काही बायकांना खायला द्यायचं होतं आणि हॉटेलात आचारी सापडेना, म्हणून इग्नासिओ आनाया नावाच्या माणसाने हाताशी होतं ते ताटलीत मांडलं. तो कडक टाको शेल तर अमेरिकेतच वाढला. पुएब्लाच्या घरी रोजच्या जेवणात यातलं काही नसतं. उद्या तुमच्या मुलाला परदेशात कुणी पनीर बटर मसाला आणि नान वाढून म्हणालं, “घे, तुझ्या आईच्या हातचं,” तर तोही चार घास खाऊन “छान आहे” म्हणेल. सूनबाईने तुमचा मान राखला, एवढंच. तुमच्या घरावर ती रुसलेली नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नातला ‘कुठे मिळेल’ हा शब्द मला बदलावासा वाटतो. अस्सल म्हणजे विकत मिळणारी वस्तू, असं धरून तुम्ही शोध घेताय आणि खर्चात पडताय. मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा त्याचा पाया म्हणून काय नोंदलं होतं? मका, घेवडा आणि मिरची. तिन्ही पिकांची शेती, मका चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची रीत आणि दगडी पाटे-खल. चीजचं नावही त्यात नाही. ही सगळी यादी, ताई, नाशिकच्या बाजारात आणि तुमच्या माळ्यावर आहे.

माळ्यावर म्हणते ते पाट्यासाठी. तुमच्याकडे पाटा-वरवंटा असेलच, मिक्सर आल्यापासून वर गेला असेल. मेक्सिकोत त्याला मेटाटे म्हणतात. तीन पायांचा, जरा उतरता, ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा. आपला पाटाही सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा, तोही ज्वालामुखीचाच. तिथली बाई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी लांबट वरवंटा पुढे ढकलते, मागे ओढते. तुमचा पाटा खाली काढा, गुळगुळीत झाला असेल तर टाकी लावून घ्या. पहिल्यांदा मूठभर तांदूळ वाटून ती कचकच टाकून द्या. तिच्या घरीही नवा दगड असाच वापरात आणतात. तेवढ्यावरूनच बोलणं सुरू होईल बघा.

आता मक्याचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळं इथेच अडतं. गिरणीतून दळून आणलेल्या मक्याच्या पिठाची तिची तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ पोळी, होत नाही. तुम्ही करून बघितलं असेल तर कडा फाटल्या असतील. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवावा लागतो. त्याला निक्स्तामाल म्हणतात. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ चिकट होऊन एकजीव मळलं जातं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण ही चुन्याची रीत नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना तिथे पेलाग्रा नावाचा रोग झाला. मेक्सिकोच्या बायकांना हे हजारो वर्षं हाताला ठाऊक होतं.

मका आपल्या जिल्ह्यात उदंड. येवला, मालेगाव, नांदगावकडे पोत्यांनी निघतो. तो पिवळा आणि बहुतेक कोंबड्यांच्या खाद्याला जाणारा असतो, पण स्वच्छ, यंदाचा, नीट वाळलेला दाणा घेतला तर चालतो. बुरशी धरलेला, काळपट दाणा एकही ठेवू नका. आणि पेरणीचं रंग लावलेलं बियाणं चुकूनही घेऊ नका, त्यावर विष चढवलेलं असतं. नंदुरबारकडे, सातपुड्यात पांढरा मका होतो. तिकडचं कुणी ओळखीचं असेल तर पाच किलो मागवून घ्या, तिला तो जास्त जवळचा वाटेल.

चुना पानाला लावायचा, साधा, वास-रंग नसलेला. भिंतीचा नको. पाणी पडताच उकळणारी चुनकळी तर मुळीच नको. किलोभर मक्याला कोरडा चुना दहा ग्रॅमच्या आसपास, ओला असेल तर एक मोठा चमचा. स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, चुना त्याला खातो. भरपूर पाण्यात चुना कालवून मका घाला आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवा. दाणा चिमटीत चोळल्यावर साल निघालं की गॅस बंद. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवा, साल वाहून जाईल. चुन्याचं पाणी डोळ्यात उडू देऊ नका.

मी हे गेल्या पावसाळ्यात घरी करून पाहिलं. पहिल्या खेपेला चुना हात सैल सोडून घातला, तर पिठाला साबणासारखी चव आली. दुसऱ्या खेपेला मिक्सरमध्ये वाटलं. पाणी घातल्याशिवाय पातं फिरेना आणि पाणी घातलं की पीठ सैल होई. तिसऱ्यांदा पाट्यावर थोडं थोडं वाटलं, तेव्हा कुठे जमलं. वाटताना जो वास येतो तो मी आधी कधी घेतला नव्हता. ओल्या मातीचा आणि भाजक्या कणसाचा मिळून एक. लिंबाएवढा गोळा, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून पुरीच्या साच्यात दाबला, कोरड्या लोखंडी तव्यावर टाकला. दुसऱ्यांदा उलटल्यावर तो फुगला, अगदी फुलक्यासारखा. गरम तोर्तिया फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवायच्या, आपण भाकरी ठेवतो तशाच. इडलीचा दगडी ग्राइंडर असेल तर त्यातही जमतं. मसा हरिना नावाचं तयार पीठ ऑनलाइन मिळतं, घाईच्या दिवसांसाठी एक पाकीट असू द्या. बाकीची खरेदी बंद केलीत तरी चालेल.

तव्यापाशी मात्र तिला बसवा आणि तुम्ही मागे उभ्या राहा. निदान पहिल्या दिवशी तरी काही सुचवू नका.

उरलेल्या गोष्टींसाठी तिला घेऊन गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जा. मुलाला बरोबर नेऊ नका, दुभाषा असला की दोघी त्याच्याशीच बोलत राहता. तिला नुसतं हिंडू द्या, बोट दाखवू द्या. घोळाची भाजी दिसली तर बघा काय होतं. मेक्सिकोत तिला वेर्दोलागास म्हणतात आणि हिरव्या सॉसमध्ये शिजवतात. कोवळा राजगिरा तिथेही भाजी म्हणून खातात आणि त्याच्या लाह्यांची गोड वडी करतात, तिचं नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या वडीची ती सख्खी बहीण, गूळसुद्धा तसाच. भोपळ्याची फुलं मिळाली तर घ्या. आपण भजी करतो, ती तोर्तियात चीजबरोबर घालेल, चीजऐवजी घरचं ताजं पनीर चुरून चालतं. लाल अंबाडीची बोंडं वाळवून तिथे त्यांचं आंबटगोड सरबत करतात. चिंचेचंही करतात आणि चिंचेला ‘तामारिंदो’ म्हणतात. आपलं कागदी लिंबू तर त्यांच्या टाकोवर रोज पिळलं जातं, ते मूळचं आपल्याच बाजूचं, तिकडे जाऊन मेक्सिकन झालं.

घेवड्यासाठी साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा शोधा, किराणा दुकानात मिळतो. अंगावर तांबडे पट्टे असतात. रात्रभर भिजवून कांदा-लसणाबरोबर मऊ शिजवायचा, थोडा ठेचायचा, तेलावर परतायचा. तिच्या घरी हा डुकराच्या चरबीत परतत असतील, तुमच्याकडे तेलात होईल.

सॉस म्हणजे त्यांचा साल्सा. टोमॅटो, कांदा, सालीसकट लसूण आणि हिरवी मिरची तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायची आणि मीठ घालून दगडावर ओबडधोबड वाटायची. टोमॅटोचा ठेचाच म्हणा ना. पिंपळगाव-गिरणाऱ्याच्या टोमॅटोचा तो पुएब्लाइतकाच चांगला होईल, हे मी छातीठोकपणे सांगते. हा टोमॅटो आणि ही मिरची, दोन्ही तिच्याच देशातून निघाली. मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणली, त्याआधी आपली तिखटाची भूक मिरे आणि पिंपळीवर भागायची. आपल्या मिसळीच्या तर्रीतला तो लाल रंग तुमच्या सुनेच्या माहेरचा आहे. तिला हे सांगा.

जे इथे नाही ते नाही, हेही मोकळेपणाने मान्य करू. तिच्या हिरव्या साल्सात तोमातियो नावाचं आंबट हिरवं फळ लागतं. कच्च्या हिरव्या टोमॅटोत लिंबू पिळून जवळपास जातं, तेच होत नाही. पुएब्लाचा मोले हा सण-समारंभाचा रस्सा. त्यात आंचो, मुलातो, पासिया अशा वाळवलेल्या मिरच्या, तीळ, भाजलेली तोर्तिया आणि थोडं चॉकलेट असतं. आपल्या काळ्या मसाल्यासारखा एकेक जिन्नस वेगळा भाजून तो करावा लागतो. बेडगी मिरचीने रंग येईल, पण त्या मिरच्यांचा मनुक्यासारखा गोडसर वास येणार नाही. तिच्या माहेरचं कुणी येणार असेल तेव्हा वाळलेल्या मिरच्या आणायला सांगा. हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये वर्षभर राहतील. बियाणं, रोपं, ताजी फळं मागवू नका, त्यांना वनस्पती संगरोधाचे, म्हणजे बाहेरची कीड-रोगराई आत येऊ नये म्हणून केलेले, नियम लागतात. तुम्ही महिन्याला जे तीन-चार हजार घालवता, त्यातल्या दोन महिन्यांच्या पैशांत वर्षाची मिरची येईल.

आता जरा अवघड विषय. तुमचं घर माळकरी आहे. ती लहानपणापासून मांस खात आली असणार आणि पत्रात याबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही. मला वाटतं, घरातही कुणी बोललेलं नाही. ती तुमच्या रीतीचा मान राखून गप्प आहे, तुम्ही ती दुखावेल म्हणून गप्प आहात. हे एकदा बोलून घ्या. तुमच्या स्वयंपाकघरात काय चालणार नाही ते स्पष्ट सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तसाच तिला काय हवं ते विचारण्याचा मोठेपणाही तुमच्याकडे आहे. गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळी भांडी, किंवा आठवड्यातून एकदा नवरा-बायकोने बाहेर जाऊन जेवणं, असं काहीही निघू शकेल. कदाचित ती म्हणेल की मका-घेवडा मिळाला तर तिला मांसाची आठवणही येत नाही. पण ते तिने म्हणावं, तुम्ही धरून चालू नये.

पाच किलो वजन उतरलंय, हे नुसतं माहेरच्या आठवणीवर सोडू नका. नव्या देशात पोट बिघडतं, जंत होतात, थायरॉइड निघतो, रक्त कमी होतं. डॉक्टरांना दाखवून साध्या तपासण्या करून घ्या. झोप लागत नसेल, दिवसभर खोलीतच बसत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि बिऱ्हाड हलवण्याचं. मुलाची नोकरी इथे, तुम्ही इथे. पुण्या-मुंबईत हॉटेलं जास्त आहेत हे खरं, पण ती रोज हॉटेलात जेवणार आहे का? तिथल्या दोन खोल्यांत ती दिवसभर एकटी राहील आणि पिठात हात घालायला मागे जाऊन उभं राहावं असं कुणी तिथे नसेल. उद्या तिनेच तिथे जायचं म्हटलं तर आड येऊ नका. तिने म्हटलेलं नसताना तुम्ही तिच्यासाठी ठरवू नका.

हे वाचणाऱ्यांत परदेशी राहणारी नाशिकची मुलंही आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. जर्मनीतून, कॅनडातून मला पत्रं येतात, “इथे आपली चव मिळत नाही.” बाळांनो, ‘इंडियन स्टोअर’ची पाटी शोधत बसू नका. आपला पदार्थ कशावर उभा आहे ते आधी ओळखा. उसळीला मोड आलेलं कडधान्य आणि भाजलेलं कांदा-खोबरं लागतं. डाळी आणि मसूर तुर्की, अफगाणी दुकानात स्वस्त मिळतात, मोड घरी आणता येतात, सुकं खोबरं कुठेही असतं. फक्त आईचा काळा मसाला इथून न्या. एकच वस्तू न्या आणि बाकी तिथल्या बाजारात उभी करा. माझ्या अनुभवात असं जेवण महिना टिकतं. बॅग भरून नेलेली पाकिटं आठवड्यात संपतात आणि नंतर जास्त जीव कासावीस होतो.

ताई, झेंडूचं राहिलं. झेंडू हे फूल मूळचं मेक्सिकोचं, तिथे त्याला सेंपासुचिल म्हणतात आणि पुएब्लाकडे त्याची मोठी शेती आहे. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे गेलेल्या माणसांचा दिवस असतो. घरात एक चौरंग मांडून त्यावर त्यांचे फोटो, मेणबत्त्या, पाणी आणि त्या त्या माणसाला आवडणारं जेवण ठेवतात. सगळीकडे झेंडू पसरतात, कारण त्याच्या रंगाने आणि वासाने गेलेल्यांना घरची वाट सापडते असं मानतात. आपल्या पितृपक्षातल्या पानासारखंच, फक्त गाणी-बजावणी असलेलं. दसऱ्याला तिच्या हातात ती फुलं आली तेव्हा तिला तिचं कुणीतरी आठवलं असेल, असा माझा अंदाज आहे. खरं काय ते तिलाच विचारा.

आणि यंदा १ नोव्हेंबरच्या आधी बाजारातून दोन किलो झेंडू आणा. हॉलमधला एक कोपरा तिला मोकळा करून द्या. तिच्या आजीचा फोटो मागवून प्रिंट काढून घ्या. फ्रेम तुम्ही आणा. आजीला काय आवडायचं, ते तिच्याकडून ऐका. मका आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवायला विसरू नका. सकाळी ती पाट्यावर बसेल तेव्हा तुम्ही शेजारी बसा, आणि वाटून झालेलं पीठ हाताने गोळा करून पातेल्यात भरत जा.